देवाची राई आणि गावाचा कौल

कोकणातील कोणत्याही जुन्या गावाची वाट धरली की राऊळ दिसण्याआधी राई दिसते. वाटेवर ऊन असते. राईच्या सीमेवर पाऊल पडताच अंगाला गारवा लागतो. जुनी माणसे पायांतल्या वहाणा तेथेच काढतात. देवळाचा उंबरठा अजून शंभर पावले पुढे असतो, तथापि देवाची हद्द इथूनच सुरू झाली हे लहान मुलालाही ठाऊक असते.

देवळाचा जीर्णोद्धार झाला की स्मरणिका निघते. तीत मूर्तीचा इतिहास येतो, मानकऱ्यांची परंपरा येते, देणगीदारांची नामावली येते. राईचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः देऊळ हे राईच्या आश्रयाने उभे राहिले, राई देवळाच्या आश्रयाने नव्हे. कित्येक ठिकाणी मूर्ती घडण्यापूर्वी नुसता पाषाण होता, आणि पाषाणापूर्वी नुसते झाड. त्या काळापासून गावाने एक रीत सांभाळली होती. गावाच्या कारभारात जसा माणसांचा शब्द घेतला जाई, तसाच राईचाही घेतला जाई. ही रीत काय होती, ती क्षीण कशी झाली, आणि आज दूरदेशींच्या न्यायसभांतून त्याच गोष्टीचा खल का चालला आहे, याचा मागोवा घेणे जीर्णोद्धाराच्या प्रसंगी उचित ठरेल.

राई, रहाट, देवाचे रान

प्रांताप्रांताप्रमाणे नावे निराळी. रायगड-रत्नागिरीकडे रहाट किंवा देवरहाटी, सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवराई, तर मावळ-मुळशीकडे नुसते देवाचे रान. सातेरी, रवळनाथ, वेतोबा, पावणाई, काळकाई, वाघजाई, सोमजाई, म्हसोबा अशा दैवतांच्या नावे ही राने राखलेली असतात. काही राने चार-दोन गुंठ्यांची, तर काही कित्येक एकरांची.

राईत ऐन, किंजळ, जांभूळ, हरडा, बेहडा, सातवीण, काजरा, उंबर, वड असे वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या उभे असतात. गारंबीचे वेल मांडीएवढे जाड होऊन एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेले दिसतात. जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते. ढोलीचे झाड पडले तर त्या जोडप्याला दुसरे घर सहजी मिळत नाही. शेकरू, खवले मांजर, घुबड यांनाही तोच आसरा. आणि बहुतेक राईच्या पोटात एखादा झरा किंवा तळी असते. झाडांखालचा पालापाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतो व ते सावकाश सोडतो. आजूबाजूच्या विहिरी वैशाखात तळ गाठतात तेव्हा राईतला झरा वाहत असतो, याचे कारण हेच.

सातेरीचे उदाहरण तर विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. दक्षिण कोकणात व गोव्यात सातेरीचे मूळ रूप वारूळ हे आहे. कित्येक सातेरी मंदिरांच्या गाभाऱ्यात आजही वारूळच पूजले जाते, वर चांदीचा मुखवटा चढवला तरी देवी ती मातीच. ज्या जिवांना इतरत्र उपद्रवी म्हणून खणून काढतात, त्यांचे घर जागचे हलवायचे नाही म्हणून भोवती देऊळ बांधले गेले. गाभाऱ्याची आखणी त्या वारुळाने ठरवली, गवंड्याने नव्हे.

कौलाची रीत

राईतले लाकूड तोडायचे नाही, सुकी फांदीसुद्धा घरी न्यायची नाही, हा सामान्य नियम. परंतु गावावर प्रसंग येतात. देवळाचा वासा मोडतो, वादळात छप्पर उडते, आगीत घरे जळतात. अशा वेळी राईतले एखादे झाड मागावे लागे, आणि ते मागण्याची रीत ठरलेली होती.

गावकर व बारापाच मानकरी देवळात जमत. सोबत गावचे लोक असत. गाऱ्हाणे घालणारा उभा राही आणि सर्वांदेखत मोठ्याने सांगे की अमुक कारणासाठी, अमुक जागचे, अमुक जातीचे एक झाड पाहिजे. जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष देत. मग गुरव देवाच्या अंगावर ठरल्या ठिकाणी पाण्याने भिजवलेल्या पाकळ्या, पाने किंवा तांदळाचे दाणे लावी. उजवीकडचे आधी पडले तर देवाची संमती, डावीकडचे पडले तर नकार. काहीच पडले नाही तर सारे बसून राहत. कधी संध्याकाळ होई, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा जमावे लागे. नकार आला तर कारण बदलून पाहता येई, दुसरे झाड मागता येई, परंतु तेच गाऱ्हाणे त्याच घटकेला रेटून नेता येत नसे.

‘कौल’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ बोल, वचन. मराठी राज्यात उजाड गाव पुन्हा वसवताना रयतेला दिवाणाकडून कौल दिला जाई. त्यात सारा किती, सूट किती याचे अभय असे. त्या कौलनाम्यात दिवाण रयतेला वचन देई. देवळातल्या कौलात गाव देवाकडे वचन मागे. दोहोंचा आशय एकच की बलवानाने दुर्बळाच्या वस्तूला हात घालण्यापूर्वी शब्द झाला पाहिजे.

आजच्या दृष्टीने पाहणारा म्हणेल की पाकळी पडणे हा योगायोग आहे, आणि लावणारा हात माणसाचाच आहे. हा आक्षेप खोटा नाही. गुरवाचा हात हलका-जड होऊ शकतो, मानकऱ्याची भीड पडू शकते. शिवाय त्या सभेत गावातल्या सर्व माणसांनाही स्थान नव्हते. स्त्रिया व अनेक जातींचे लोक बाहेरच उभे असत. तेव्हा जुन्या व्यवस्थेला निर्दोष म्हणून मिरवण्याचे कारण नाही.

तरीसुद्धा त्या रीतीत काही गोष्टी पक्क्या होत्या. पहिली म्हणजे, तोडणाऱ्याला कारण सांगावे लागे, न तोडणाऱ्याला नाही. दुसरी, ते कारण चारचौघांत सांगावे लागे. तिसरी, कारण आणि कुऱ्हाड यांच्यामध्ये वेळ जाई. त्या वेळात मन निवे आणि दुसरा उपाय सुचे. चौथी व सर्वांत महत्त्वाची, उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते हे सर्वांनी आधीच मान्य केलेले असे. ज्या सभेत ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार एका पक्षाला दिलेला असतो, त्या सभेत त्या पक्षाला आवाज आहे असेच म्हणावे लागेल. मग तो पक्ष मुका का असेना.

दप्तर बदलले

मराठी राज्याच्या कारभारातही झाडाला हात घालताना विचार करण्याची दृष्टी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी प्रकरण आहे. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे असले तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, असेही त्यात सांगितले आहे.

इंग्रजी अमलात दप्तर बदलले. आगगाडीच्या रुळांखालच्या लाकडांसाठी, जहाजांसाठी, शहरांच्या बांधकामांसाठी सरकारला अरण्य हवे होते. १८६४ साली स्वतंत्र वनखाते निघाले. डीट्रिच ब्रँडिस हे त्याचे पहिले प्रमुख. १८७८ च्या वनकायद्याने राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी विभागणी झाली. खुद्द ब्रँडिससाहेबांनी आपल्या १८९७ च्या ग्रंथात कोडगूच्या देवरकाडूंची व इतर प्रांतांतल्या देवरानांची नोंद घेतली, आणि अशी राने पूर्वी फार होती असे लिहिले. म्हणजे त्यांच्याच हयातीत ती कमी होत चालली होती. कायद्याच्या नजरेत रान हे लाकडाचे कोठार ठरले. कोठाराला कोणी कौल विचारत नाही.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक बदल झाला. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला. देवस्थानांची नोंदणी झाली, घटना लिहिल्या गेल्या, विश्वस्त नेमले गेले, ठरावबुके आली. हिशेबाला शिस्त लागली आणि देवाची जमीन परस्पर विकण्यास मोठा आळा बसला, हे उपकारच म्हटले पाहिजेत. परंतु ठरावबुकात सूचक असतो, अनुमोदक असतो, बाजूने किती व विरुद्ध किती हे आकडे असतात. राईसाठी रकाना नसतो. पूर्वी जो पक्ष सभेत होता, तो सभेचा विषय होऊन बसला.

गाणी गावची गोष्ट

१९७० नंतरच्या काळात या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या. १९७३ साली देवरहाटींवरील त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांवरचा निबंध. इतरत्र नाहीसे झालेले वृक्ष व वेल राईत टिकून आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

त्याच सुमारास श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाहून त्यांच्याकडे पत्र आले. गावची राई वनखात्याच्या तोडीत आली होती आणि ती वाचवण्यास साहाय्य करावे, अशी विनंती होती. दोघे तेथे गेले. लोकांनी देवाच्या कोपाची भीती तेवढी सांगितली असती तर नवल नव्हते. परंतु त्यांनी पाण्याचे कारण सांगितले. त्या परिसरात बारमाही वाहणारा झरा तेवढा या राईतून निघत होता. राई गेली तर झरा जाईल, हे गावाला पुस्तकावाचून ठाऊक होते. पुढे ती तोड टळली.

या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. राईचा आवाज म्हणजे काही गूढ वाणी नव्हे. झरा आटणे, धनेश न दिसणे, वारूळ रिकामे पडणे हे राईचेच बोल आहेत. ते ओळखणारी माणसे गावात असतात. बहुधा गुराखी, पाणी भरणाऱ्या बाया, वैदू, म्हातारे गुरव. त्यांचे म्हणणे सभेपर्यंत पोहोचते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

जीर्णोद्धार आणि राई

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. देवरायांवर कुऱ्हाड चालली ती सर्वच सरकारी किंवा ठेकेदारी नव्हती. पुष्कळ ठिकाणी ती देवाच्याच कामासाठी चालली. चिऱ्याच्या भिंती आणि कोरीव लाकडी खांबांचे देऊळ जुने दिसू लागले. शहरात नोकरीस गेलेल्या मंडळींना आपल्या गावचे मंदिरही शेजारच्या गावासारखे सिमेंटचे, उंच शिखराचे असावे असे वाटू लागले. पैसा कमी पडला तेव्हा नजर राईकडे गेली. देवाचीच झाडे देवाच्याच देवळाला लागली तर त्यात वावगे काय, असा युक्तिवाद झाला आणि तो बिनतोड वाटला. कोठे सभामंडपासाठी जागा हवी होती, कोठे गाड्या उभ्या करण्यासाठी, कोठे नुसती झाडोऱ्याची अडचण वाटली म्हणून ‘साफसफाई’ झाली.

कौल मागितलाही गेला असेल. परंतु आराखडा मंजूर होऊन, ठेका दिला जाऊन, मुहूर्त ठरल्यानंतर मागितलेल्या कौलाला डावे उत्तर येण्याची मुभा उरत नाही. अशा गावांतून आज शिखर दुरून दिसते हे खरे. मात्र उन्हाळ्यात देवाच्या अभिषेकाला पाणी टँकरने आणावे लागते, अशीही उदाहरणे घडण्यासारखी आहेत. हा देवाचा उद्धार की देवाच्या घराचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

न्यायसभांतील कौल

मुक्याला सभेत उभे करण्याचा प्रश्न केवळ खेड्याचा राहिलेला नाही. गंमत अशी की त्याचे एक जुने उत्तर देवळातूनच निघाले आहे. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिच्या नावे मालमत्ता असू शकते, तिच्या वतीने दावा चालू शकतो. १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या कुलदैवताचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. पूजेची पाळी आलेल्या एका सेवेकऱ्याला मूर्ती स्वतःच्या घरी न्यायची होती. कौन्सिलने ठरवले की मूर्ती म्हणजे हलवण्याची वस्तू नव्हे; कोठे राहावे याविषयी देवतेची स्वतःची इच्छा लक्षात घेतली पाहिजे. एवढेच नव्हे, तर ती इच्छा मांडण्यासाठी, ज्याचा त्या वादात काडीचाही स्वार्थ नाही असा माणूस देवतेच्या वतीने उभा करावा, असे सांगून प्रकरण परत पाठवले.

१९७२ साली अमेरिकेत ख्रिस्तोफर स्टोन या कायद्याच्या प्राध्यापकाने असाच विचार झाडांसंबंधी मांडला. कंपनी, जहाज, अज्ञान बालक यांच्या वतीने न्यायालयात बोलता येते, तर झाडांच्या वतीने का नाही? त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील मिनरल किंग नावाच्या खोऱ्यात मोठे क्रीडाविहार उभारण्यावरून चाललेला खटला सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. निसर्गप्रेमी संस्था हरली. परंतु न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या विरोधी मतात, खरा वादी ते खोरेच असावयास हवे होते, असे नोंदवले. १९७८ साली ते खोरे राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट झाले.

न्यूझीलंडमध्ये व्हांगानुई नदीकाठचे माओरी लोक १८७० नंतरच्या दशकापासून आपल्या नदीसाठी सरकारदरबारी झगडत होते. मार्च २०१७ मध्ये तेथील संसदेने कायदा करून ती नदी, उगमापासून समुद्रापर्यंत, एक व्यक्ती मानली. तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन माणसे नेमली जातात. एक सरकारच्या बाजूने, एक नदीकाठच्या लोकांच्या बाजूने, आणि दोघांनी मिळून बोलायचे ते फक्त नदीच्या हिताचे.

त्याच महिन्यात, २० मार्च २०१७ रोजी, उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना व्यक्ती ठरवले. त्यासाठी देवतेच्या व्यक्तित्वाचाच दाखला घेतला होता. परंतु नद्यांचे पालक म्हणून नेमले गेले ते सरकारी अधिकारी. पूर आला तर भरपाई कोणाकडे मागायची, अशा शंका घेऊन राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०१७ मध्ये त्या निर्णयास स्थगिती मिळाली. १९२५ च्या निकालातला निःस्वार्थी माणसाचा दंडक किती शहाणपणाचा होता, हे यावरून दिसते.

देवरानांच्या बाबतीत १८ डिसेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. राजस्थानातील ओरण व देववने यांची जागेवर पाहणी करून, नकाशे करून त्यांना वनाचा दर्जा द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. देशभरातील अशा रानांसाठी केंद्र सरकारने धोरण आखावे, असेही सुचवले. कायद्याची पावले हळूहळू राईच्या सीमेपर्यंत आली आहेत. आत मात्र गावालाच जावे लागेल.

राईला जागा

जीर्णोद्धार समित्यांना यासाठी फार खटाटोप करावा लागणार नाही. देवाच्या दागिन्यांची नोंदवही असते तशी राईची असावी. तीत मोठ्या झाडांची जात व घेर, झऱ्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहते, धनेशाची ढोली कोणत्या झाडाला आहे, हे दरसाल लिहावे. बांधकामाची सभा भरेल तेव्हा एका माणसाने केवळ राईच्या वतीने बोलावे. त्याचा ठेक्याशी, लाकडाशी, देणगीशी संबंध नसावा, आणि ती जागा मानकऱ्यांपुरती न ठेवता ज्या बायामाणसांना राई खरोखर कळते त्यांतून भरावी. राईला धक्का लागेल असा ठराव एका बैठकीत न करता मध्ये एक पावसाळा जाऊ द्यावा. आणि कौल मागायचा तो आराखडा कागदावर येण्यापूर्वी मागावा, म्हणजे ‘नाही’ हे उत्तर ऐकण्याची सोय राहील.

दगडी भिंत पडली तर वर्षभरात पुन्हा उभी राहते. सातवीण किंवा किंजळीचा तोच वृक्ष उभा करण्यास गावाच्या चार पिढ्या लागतात, आणि आटलेल्या झऱ्याचा जीर्णोद्धार करणारा कारागीर अद्याप जन्मास यावयाचा आहे. नव्या मंदिरात घंटानाद घुमत राहो, आणि तो ऐकून उडणारी पाखरेही राईत नांदत राहोत. गावाला उजवा कौल मिळो, परंतु डावा कौल आला तरी तो ऐकण्याची बुद्धी गावास लाभो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.